तहसीलदाराची सही: एक पद, अनेक कायदे आणि त्या पदापर्यंतची वाट

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी, अतिवृष्टीचं अनुदान, शेताचा अडवलेला रस्ता, वाळूचा पकडलेला ट्रॅक्टर. या सगळ्यासाठी तालुक्यातली माणसं एकाच कचेरीत येतात आणि एकाच माणसाला भेटायला बघतात. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ६ महसुली विभाग आणि ३५८ तालुके आहेत, आणि प्रत्येक तालुक्यात हे चित्र सारखंच असतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही तहसीलदार म्हणजे 'तालुक्याचा प्रमुख' एवढंच ठाऊक असतं. हे पद समजून घ्यायचं तर सुरुवात त्याच्या शिक्क्यांपासून करावी.

टेबलाच्या खणात शिक्के अनेक असतात. तहसीलदार, तालुका दंडाधिकारी, सहायक मतदार नोंदणी अधिकारी, शेतजमीन न्यायाधिकरण, मामलेदार न्यायालय. माणूस तोच, पण प्रत्येक शिक्क्यामागचा कायदा वेगळा, चौकशीची पद्धत वेगळी आणि निकालाविरुद्ध दाद मागायची जागाही वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खालचा आदेश असेल तर कलम २४७ प्रमाणे प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं, आणि त्याची मुदत ६० दिवसांची. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालच्या निकालावर अपीलच नाही. तिथे कलम २३ खाली फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो. कुळकायद्यातला निकाल असेल तर कलम ७४ खाली अपील आणि त्यानंतर महसूल न्यायाधिकरण. आपण कोणत्या कायद्याखाली, कोणत्या अधिकाराने सही करतो आहोत हे ज्याला प्रत्येक कागदावर नेमकं सांगता येतं, त्याचे आदेश वर टिकतात. या नोकरीतलं खरं कसब हेच आहे, आणि ते परीक्षेच्या अभ्यासक्रमात फारसं येत नाही.

एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. तालुक्याला तीन वेगळे अधिकारी असतात. ग्रामपंचायती, घरकुलं, गावची नळपाणी योजना हे गटविकास अधिकाऱ्याचं क्षेत्र. तो पंचायत समितीत बसतो आणि जिल्हा परिषदेला जोडलेला असतो. नगरपरिषदेचा मालमत्ता कर, कचरा, बांधकाम परवाने मुख्याधिकाऱ्याकडे असतात. जमीन, महसूल, दंडाधिकारी, पुरवठा, निवडणूक आणि आपत्ती तहसीलदाराकडे. तिन्ही पदांना एकाच राज्यसेवा परीक्षेतून जाता येतं. म्हणून पसंतीक्रम भरताना रोजचं काम काय असेल ते बघून भरावा, गाडी कुणाला मिळते ते बघून नव्हे.

आत जायच्या दोन वाटा

पहिली वाट महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची. कोणत्याही शाखेची पदवी हवी. वयाची सर्वसाधारण मर्यादा १९ ते ३८ वर्षं, मागासवर्गीयांसाठी ४३. पूर्व परीक्षेत प्रत्येकी २०० गुणांचे दोन पेपर असतात. त्यातल्या दुसऱ्या पेपरात ३३ टक्के मिळवून पात्र व्हायचं असतं, यादी पहिल्या पेपरावर लागते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. एकूण ९ पेपर, त्यातले दोन भाषांचे पेपर केवळ पात्रतेपुरते, बाकीच्यांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. पूर्वीच्या बहुपर्यायी पद्धतीत ज्यांची सगळी भिस्त पाठांतरावर होती, त्यांना हा बदल जड गेला. पण पुढे आयुष्यभर कारणमीमांसा लिहायची आहे, हे लक्षात घेतलं तर बदल योग्यच आहे.

याच परीक्षेतून नायब तहसीलदार (गट ब, राजपत्रित), तहसीलदार (गट अ) आणि उपजिल्हाधिकारी (गट अ) अशा तीन पायऱ्यांवर थेट नेमणूक होते. सातव्या वेतन आयोगात नायब तहसीलदाराची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० आणि उपजिल्हाधिकाऱ्याची ५६,१०० ते १,७७,५००. जागा किती निघतील हे शासनाच्या मागणीपत्रावर अवलंबून असतं, त्यामुळे एकाच पदावर डोळा ठेवून वर्षानुवर्षं थांबणं धोक्याचं आहे.

दुसरी वाट खालून वर येणारी, आणि तिची चर्चा फार कमी होते. तलाठी (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) म्हणून लागलेला कर्मचारी विभागीय परीक्षा उत्तीर्ण होऊन मंडळ अधिकारी (तलाठ्यांच्या वरचा अधिकारी) होतो. कचेरीतला महसूल सहायक महसूल अर्हता परीक्षा देऊन अव्वल कारकून होतो. तिथून दोघेही नायब तहसीलदार आणि मग तहसीलदार होऊ शकतात. या वाटेला वेळ बराच लागतो, पण या मार्गाने आलेल्या अधिकाऱ्याला फेरफाराची नोंदवही हातात घेतल्याबरोबर कुठे पाणी मुरतंय ते कळतं. थेट आलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडून पहिल्या सहा महिन्यांत जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घ्यावं.

थेट नेमणुकीनंतर दोन वर्षांचा परिविक्षा काळ, म्हणजे उमेदवारीचा काळ असतो. पुण्याच्या यशदा किंवा नागपूरच्या वनामती या प्रशिक्षण संस्थेत वर्ग होतात, मध्ये जिल्ह्यात वेगवेगळ्या टेबलांवर बसवतात, तलाठ्याच्या सजेचा (त्याच्याकडच्या गावांचा) कार्यभारही काही काळ सांभाळावा लागतो. पुष्कळ जण हा सजेचा काळ उरकून टाकतात. पुढे मंडळ अधिकारी समोर बसून 'साहेब, असंच असतं' म्हणतो तेव्हा तसं नसतं हे सांगायला लागणारं ज्ञान इथेच मिळतं. विभागीय परीक्षा ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या संधींत सुटली नाही तर ज्येष्ठता जाते, आणि गेलेली ज्येष्ठता पुढे पदोन्नतीच्या यादीत दिसते.

फेरफार

जमिनीचा व्यवहार झाला किंवा खातेदार वारला की नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती ६-अ या तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

सगळ्यात जास्त घोळ वारस नोंदींत होतो. बहिणींची नावं लावलीच जात नाहीत, किंवा लावून लगेच साध्या स्टँप पेपरवरच्या 'संमतीने' कमी केली जातात. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. नोंदणी न केलेल्या कागदावरून नाव कमी केलेली नोंद दहा वर्षांनी अपिलात आली तरी उभी राहत नाही, आणि तोवर ती जमीन दोनदा विकली गेलेली असते.

दुसरा धोका याच अधिनियमाचं कलम १५५. हस्तदोष, म्हणजे लिहिताना झालेली चूक, किंवा संबंधित पक्षांना मान्य असलेली चूक दुरुस्त करण्यासाठी हे कलम आहे. संगणकीकरणात 'पाटील'चं 'पाटी' झालं, १.२० हेक्टरचं १.०२ झालं, तर ते या कलमात बसतं. पण तीस वर्षांपूर्वी प्रमाणित झालेला फेरफार 'चुकीचा होता' म्हणून या कलमाखाली उलटवणं हा हस्तदोष नव्हे. तो हक्काचा वाद आहे, आणि त्यासाठी अपील किंवा दिवाणी न्यायालय आहे. तहसीलदारांवर होणाऱ्या विभागीय चौकशांमध्ये या कलमाचा गैरवापर हे नेहमीचं कारण. अर्जदार घाईत असतो, वकील म्हणतो 'किरकोळ दुरुस्ती आहे', आणि सही होते. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या दुरुस्तीने कुणाचं क्षेत्र किंवा नाव कमी होतंय का? होत असेल तर त्याला नोटीस गेलीच पाहिजे, आणि त्याने हरकत घेतली तर प्रकरण १५५ मध्ये बसत नाही.

शेतरस्त्याचं एक प्रकरण, पहिल्यापासून

शेतरस्ता हे तहसीलदाराच्या कामाचं सगळ्यात बोलकं उदाहरण, म्हणून ते जरा सावकाश बघू.

अर्ज येतो: 'माझ्या गट नं. ११२ मध्ये जायला रस्ता नाही, शेजाऱ्याने अडवला आहे.' या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या मागण्या दडलेल्या आहेत. रस्ता आधीपासून वहिवाटीत होता आणि आता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ लागतं. त्यात अडथळा केल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा यायला हवा. रस्ता कधी नव्हताच आणि आता नव्याने हवा असेल, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. त्यात रस्ता दुसऱ्याच्या गटाच्या बांधावरून मागता येतो, शेताच्या मधून नव्हे, आणि शेतकऱ्याला शेतात जाण्यायेण्याची वाजवी गरज किती आहे ते पाहायचं असतं. या निकालाने दुखावलेला पक्ष एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करू शकतो, आणि असा दावा दाखल झाला की त्या निकालावर महसुली अपील चालत नाही.

अर्जदाराने दोन्ही कलमं लिहिली असतील तर पहिल्याच तारखेला त्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते विचारून रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) लिहून घ्यावं. हे केलं नाही की सहा महिन्यांनी आदेशात 'कलम ५ व १४३ अन्वये' असं काहीतरी येतं, आणि प्रांत ते एका ओळीत फेरचौकशीसाठी परत पाठवतात.

पुढची पायरी नोटीस. ज्यांच्या ज्यांच्या गटाच्या बांधावरून रस्ता जाऊ शकतो, त्या सगळ्या खातेदारांना. सातबाऱ्यावर सात नावं असतील तर सातही जणांना. नोटीस घेतल्याची सही, किंवा घेतली नाही तर पंचांसमोर चिकटवल्याचा पंचनामा, फाइलला लागला पाहिजे. मग स्थळपाहणी. तिची तारीख दोन्ही बाजूंना आधी कळवलेली हवी. एका पक्षाच्या जीपमधून जाऊन, त्याच्याच घरी चहा घेऊन केलेली पाहणी दुसरा पक्ष अपिलात पहिल्या परिच्छेदात मांडतो, आणि त्याचं खरं असतं.

पाहणीत काय लिहायचं? जुन्या गाडीवाटेच्या खुणा, बांधावरच्या झाडांचं वय, दोन्ही बाजूंची पिकं, अडथळा कशाचा (काटेरी कुंपण, नांगरट, चर) आणि तो ताजा दिसतो का जुना. गावनकाशावर वाट तुटक रेषेने दाखवली आहे का, हे तपासावं. पर्यायी रस्ता असेल तर त्याची लांबी आणि तो पावसाळ्यात चालतो का, तेही लिहावं. कच्चा नकाशा काढून त्यावर उत्तर दिशा, गट नंबर आणि अंतर मीटरमध्ये टाकावं. शेजारच्या, पण वादात नसलेल्या शेतकऱ्यांचे जबाब घ्यावेत.

मग आदेश. मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावर पुरावा, निष्कर्ष आणि कारण. आणि शेवटच्या परिच्छेदात नेमकेपणा: 'गट नं. ११० च्या पूर्व बांधावरून, दक्षिणोत्तर, अमुक मीटर लांब, अमुक मीटर रुंद.' नुसतं 'रस्ता मोकळा करून द्यावा' एवढंच लिहिलं तर मंडळ अधिकारी जागेवर जाऊन काय मोकळं करणार? अंमलबजावणीच्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं बांधावर उभी असतात, पोलीस बंदोबस्त असतो, जेसीबी चालू असतो, आणि रुंदी आदेशात नसते. मग जेसीबी परत जातो आणि प्रकरण आणखी दोन वर्षं लांबतं. खरिपाच्या तोंडावर रस्ता नसेल तर बी-बियाणं डोक्यावरून न्यावं लागतं आणि उसाचा ट्रक शेतापर्यंत पोहोचत नाही. कागदावरच्या या त्रुटीची किंमत शेतकरी त्याच हंगामात मोजतो.

आदेश अंतिम झाल्यावर रस्त्याची नोंद संबंधित सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायला विसरू नये. ती नसेल तर जमीन विकत घेणारा नवा मालक पुन्हा रस्ता अडवतो.

पाऊस आला की

एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पण पाऊस पडला म्हणून पैसे मिळत नाहीत. पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) हे तिघं मिळून पंचनामा करतात. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत हेक्टरी दर जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० असे आहेत, आणि मर्यादा २ हेक्टरची. म्हणजे ३ हेक्टर जिरायत सोयाबीन पूर्ण गेलं तरी या निकषाने १७,००० रुपये. राज्य सरकार काही वेळा स्वतःकडून दर किंवा मर्यादा वाढवतं, त्यामुळे त्या हंगामाचा शासन निर्णय बघितल्याशिवाय कुणाला आकडा सांगू नये.

अनुदान अडतं ते बहुतेक वेळा यादीत. ई-पीक पाहणीत कापूस आणि पंचनाम्यात सोयाबीन. सामाईक खात्यात चार भाऊ आणि संमतिपत्र एकाचंच. आधारला जोडलेलं बँक खातं बंद पडलेलं. मयत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर तसंच, कारण वारस नोंद झालेली नाही. तहसीलदाराने यादी चावडीवर लावून हरकती घेतल्या, तर यातल्या पुष्कळ चुका पैसे जायच्या आधीच सापडतात. यादी न लावता थेट वर पाठवली तर पुढचे आठ महिने कचेरीबाहेर रांग लागते.

दंडाधिकारी म्हणून

भांडणाच्या दोन बाजूंना शांततेच्या बंधपत्राने बांधून घेणं हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चालतं. पोलिसांचा प्रस्ताव येतो आणि छापील नमुन्यावर सही होते. चूक इथेच होते. कलम १३० प्रमाणे या माणसाविरुद्ध नेमकी काय माहिती मिळाली आहे ते लेखी आदेशात उतरवावं लागतं. 'आपण शांतताभंग करण्याची शक्यता आहे' या छापील ओळीवर सत्र न्यायालयात आदेश टिकत नाही.

रात्री दोन वाजता येणारा फोन असतो मृत्युपूर्व जबाबाचा. रुग्णालयात जाऊन भाजलेल्या किंवा गंभीर जखमी माणसाचं म्हणणं लिहून घ्यायचं. रुग्ण शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. नातेवाईक आणि पोलीस खोलीबाहेर. प्रश्न आणि उत्तरं रुग्णाच्याच शब्दांत, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, वाचून दाखवल्याची नोंद, सही किंवा अंगठा. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की डॉक्टरांचा शेरा नाही एवढ्याच कारणाने जबाब बाद होत नाही, दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री झालेली असली पाहिजे. म्हणून आपली खात्री कशावरून झाली ते लिहावं: नाव, गाव, दिवस विचारला आणि रुग्णाने बरोबर सांगितलं. पुढे उलटतपासणी या ओळींवरच होते.

वाळूच्या कारवाईतही कागद महत्त्वाचा. महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. पण किती ब्रास वाळू होती याचा मोजमापाचा पंचनामा आणि मालकाला म्हणणं मांडायची संधी, यातलं एक जरी नसेल तर मोठ्या रकमेचा आदेश अपिलात रद्द होतो. पथक जीव धोक्यात घालून ट्रॅक्टर पकडतं. त्यांची मेहनत नोटिशीअभावी वाया जाऊ नये.

निवडणुकीच्या काळात वरचं सगळं बाजूला ठेवावं लागतं. एरवी मतदार यादीचे अर्ज (नमुना ६ नवीन नाव, ७ वगळणी, ८ दुरुस्ती आणि स्थलांतर) वर्षभर चालू असतात.

बढती आणि बदली

नायब तहसीलदार ते तहसीलदार, तिथून उपजिल्हाधिकारी, पुढे अपर जिल्हाधिकारी. प्रत्येक टप्प्याला किती वर्षं लागतील हे रिक्त जागांवर आणि ज्येष्ठता यादीवर ठरतं. थेट भरतीचे आणि पदोन्नतीचे अधिकारी यांच्यात या यादीवरून कोर्टबाजी होते, आणि तोवर बढत्या थांबतात. भारतीय प्रशासन सेवेत पदोन्नतीने जाण्यासाठी उपजिल्हाधिकारी पदावर किमान ८ वर्षांची सेवा आणि ५६ पेक्षा कमी वय लागतं. म्हणून नायब तहसीलदार म्हणून उशिरा लागलेल्याला हे दार बहुधा बंदच असतं. गोपनीय अहवाल आणि प्रलंबित विभागीय चौकशी यांचं वजन याच वेळी कळतं.

२००५ च्या बदली अधिनियमात साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा आहे आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये व्हाव्यात असं म्हटलं आहे. मध्येच बदली करायची तर कारण लिहावं लागतं. त्याच कायद्यात कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असंही आहे. नागरिकांनी हा भाग जरूर लक्षात ठेवावा.

बदलीचा आदेश हातात आला की पहिलं काम एकच: युक्तिवाद ऐकून निकालासाठी बंद केलेल्या प्रकरणांची यादी काढणं. कार्यभार सोडण्याआधी जेवढे निकाल खरोखर लिहून होतील तेवढे लिहावेत आणि त्याच तारखेला जावक क्रमांक पडावा. उरलेली प्रकरणं रोजनाम्यात तशी नोंद करून नव्या अधिकाऱ्यासाठी सोडावीत. त्याला पक्षकारांना पुन्हा ऐकावं लागेल, आणि ज्याने ऐकलं नाही त्याने निकाल देऊ नये हेच योग्य आहे. कार्यभार सोडल्यानंतर मागची तारीख टाकून केलेली सही जावक नोंदवहीतल्या क्रमांकांवरून आणि संगणकातल्या नोंदीवरून उघडी पडते, आणि तिथून शिस्त व अपील नियम, १९७९ च्या नियम ८ खाली विभागीय चौकशी सुरू होते.